इतर हक्क

खांबावर फुटांचे आकडे रंगवलेत.
आज पाणी दोनाच्या पोटात शिरलंय,
म्हणजे रस्ता बंद,
म्हणजे ऑड्री सेचेलच्या पायाची पट्टी बदलायला
अडीच मैलांऐवजी एकवीस मैल.

पहिल्या हिवाळ्यात मी या पाण्याला शिव्या दिल्या,
मराठीतून, गाडीची काच वर करून.
दोन बांधांमधली अर्धा मैल रुंद जमीन,
ऊझ नदीला पाय पसरता यावेत म्हणून
मुद्दाम मोकळी सोडलेली.
घर नाही, शेड नाही, साधा बाकसुद्धा नाही.
उन्हाळ्यात गाई. हिवाळ्यात पाणी,
आणि पाण्यावर तरंग बदकांची शीळ,
फावड्यासारख्या चोचींनी गाळ चाळत बसलेले थापटे,
तिन्हीसांजेला बीटच्या शेतातून परतणारे हंस,
आइसलंडहून आलेले,
गळ्यापर्यंत मळलेले.

ऑड्री दार उघडते ती विचारतच, "किती?"
मी सांगते, "दोन, आणि वर दोन बोटं."
मग ती खुर्चीत टेकते,
जणू मी तिचाच रक्तदाब सांगितला.

तिच्या घोट्यावर अंगठा दाबते.
खळगा पडतो आणि तसाच राहतो.
"गाईचा खूर," ती म्हणते,
"मार्चमधल्या मातीत अगदी असाच उमटतो.
त्यात पाणी साचतं, पाण्यात अळ्या,
अळ्यांवर पाणलावा.
खळगे बुजवायची घाई
फक्त तुम्हा नर्स लोकांना."

बाबा तलाठी होते, कृष्णाकाठी.
सातबाऱ्यावर एक रकाना असतो : इतर हक्क.
विहिरीतला चौथा हिस्सा, बहिणीचं नाव,
सोसायटीचा बोजा, शेजाऱ्याची पायवाट.
"मालक एक असेल गं," ते म्हणायचे,
"जमीन एकट्याची कधीच नसते."
नदीचं नाव मात्र
त्यांनीही त्या रकान्यात कधी लिहिलं नाही.
पुढे नकाशावर निळी रेषा आली, लाल रेषा आली,
आणि रेषांच्या आत
तीन-तीन मजली सह्या उभ्या राहिल्या.

यंदा पाणी मे महिन्यात आलं.
वरच्या गावांवर दोन दिवस कोसळला,
मग नियमाप्रमाणे दरवाजे उघडले
आणि सगळ्यांचं पाणी इथे आलं,
जिथे गवतात पाणटिवळे अंड्यांवर बसले होते.

बांधावर मी गाडी थांबवली.
ब्रायनी, इथली वॉर्डन, पंचवीस-सव्वीसची,
छातीभर रबरी विजारीत पाणी कापत येत होती,
खोकं डोक्यावर धरून.
"गरम काही आहे का?"
तिने नाव विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
म्हाताऱ्या सांध्यांसाठी बॅगेत ठेवलेल्या
गरम पिशव्या होत्या, त्या दिल्या.
अकरा अंडी. शेवाळी, तपकिरी ठिपक्यांची.
एकेक गालाला लावून पाहिलं तिने.
तीन थंड होती.
तीही तिने टाकली नाहीत, कडेला वेगळी ठेवली.

वर नर-मादी घिरट्या घालत होते,
आपलं घरटं नेमकं कुठल्या पाण्याखाली आहे
ते शोधत.
मला वाटलं होतं, राखीव म्हणजे सुरक्षित.

त्या रात्री ईलीत
कुणाच्याही उंबऱ्याला पाणी लागलं नाही.
त्यामुळे बातमी झाली नाही.

एकवीस मैलांचा वळसा घालून
मी दारात उभी राहिले, बुटांना चिखल.
"किती?"
"आठ."
ती चमकली. आठ फूट
तिच्या आजोबांनीसुद्धा पाहिलं नव्हतं.
मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली.
बोटं अजून अर्धवट मिटलेली होती,
काहीतरी गोल, हलकं, धरल्यासारखी.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग पाय पुढे केला.